बघायचं घरी, अडायचं वर्गात

वर्गातल्या शिकण्याला ऑनलाइनची जोड कशी द्यायची, यावर नाशिक परिसरातून आलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला शिकवतो. पाड्यावर रेंज नाही, घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर कामावर. द्राक्षाच्या हंगामात काही मुलं आईबापांसोबत दिंडोरी-निफाडकडे जातात. आम्ही ऑनलाइनची जोड कशी द्यायची?

प्रत्येक मुलाच्या हातात नेट हवं, हे आधी डोक्यातून काढा. शालेय धड्यांच्या सरकारी दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ रेंजमध्ये असताना डाऊनलोड करून ठेवले की नंतर नेट लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की नेमका धडा सापडतो. तुमचा एक फोन किंवा शाळेचा एक टॅब पुरे.

वर्गाचे तीन गट करा. एक व्हिडिओ बघेल, दुसरा वहीत गणितं सोडवेल, तिसरा तुमच्यासमोर बसेल. वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. खरी कमाई त्या तिसऱ्या गटात आहे. अख्ख्या वर्गाला फळ्यावर शिकवताना लपलेली चूक आठ मुलांत लगेच दिसते. एखादी मुलगी 1/3 + 1/4 = 2/7 लिहिते. खोडू नका. 'अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी, किती झाली?' असं विचारा. 'एक' म्हणेल. आता तिच्याच रीतीने करायला सांगा : 1/2 + 1/2 = 2/4, म्हणजे पुन्हा अर्धीच! ती स्वतःच वहीकडे परत बघेल. व्हिडिओला हे जमत नाही. समोरच्या मुलीने काय लिहिलंय ते त्याला दिसतच नाही.

हंगामाला जाणाऱ्या मुलांचं मात्र व्हिडिओवर भागवू नका. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) देऊन त्यांना तिथल्या जवळच्या शाळेत बसवणं आधी. मेमरी कार्डावरचे धडे त्यानंतर.

प्रश्न : कॉलेज रोडवरच्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. आदल्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ टाकते, पण चार-पाच जणच बघून येतात.

मग वर्गात तुम्ही तोच भाग पुन्हा शिकवता का? शिकवत असाल तर न बघणारेच शहाणे, मॅडम! घरी व्हिडिओ बघायचा आणि वर्गात उदाहरणं सोडवायची, ही 'उलट्या वर्गा'ची (फ्लिप्ड क्लासरूम) पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या बर्गमन आणि सॅम्स या कोलोरॅडोतल्या शिक्षकांनी 2007च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मुलांना आपली गरज व्याख्यानाला कमी आणि गणित अडल्यावर जास्त असते.

तुमचा व्हिडिओ किती मिनिटांचा आहे, तेही बघा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांचा 2014 सालचा एक अभ्यास सांगतो की सहा मिनिटांच्या पुढे बघणारे झपाट्याने गळतात. पन्नास मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं टाकून उपयोग नाही. तासाच्या सुरुवातीला चिठ्ठीवर दोन प्रश्न द्या. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी इअरफोन लावून मागच्या बाकावर तिथेच बघायचं. बाकीच्यांनी उदाहरणं घ्यायची. आणि काहीही झालं तरी फळ्याकडे वळून 'बरं, थोडक्यात सांगते' म्हणायचं नाही.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, आम्ही सिडकोत राहतो. महागडं ॲप घेतलं. ती तास-तास बघते, 'समजलं' म्हणते, पण चाचणीत मार्क नाहीत.

समजलं असेलच, पण आठवत नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडाभराने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. एक व्हिडिओ झाला की फोन तुमच्याकडे, आणि कोऱ्या कागदावर तिला काय आठवतं ते. जे सुचणार नाही तो शाळेत विचारायचा प्रश्न. दुसरं ॲप घेऊ नका.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय. सगळं ऑनलाइन मिळतं, मग संपर्क सत्राला, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या तासांना, सुट्टी का घालवायची?

गोवर्धनचं आपलं हे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. पुस्तकं एकट्याने वाचता येतील अशीच लिहिलेली असतात, त्यामुळे धडा ऐकायला सत्राला जाऊ नका. घटकातले स्वाध्याय सोडवा, अडलेल्या जागी खूण करा आणि त्या खुणा घेऊन जा. एकही खूण नसेल तर खुशाल झोप काढा. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा एखादा कोर्स जोडीला घ्यायचा विचार असेल, तर त्याचे श्रेयांक (क्रेडिट्स) पदवीत धरले जातात का, हे नोंदणीआधी अभ्यासकेंद्रात विचारा. श्रेयांकांसाठीची त्याची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तेव्हा तारीख कळताच शिफ्ट बदलून घ्या.