वजनदार प्रश्न : तेलाचा डबा वर कोण नेणार?

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, बडोद्यात वाडी भागात राहते. वजन ६१ किलो. दोन वर्षं रोज सकाळी कमाटीबागेत तासभर चालते. घरी दोन किलोची डंबेल्स घेऊन हाताचे व्यायाम ५०-५० वेळा करते. तरी दंडाखालचं लोंबणं काही जात नाही. जास्त वजन घ्यावं म्हटलं तर जाऊबाई म्हणतात, पुरुषासारखी दिसशील. मला फक्त टोनिंग हवंय. काय करू?

उत्तर : आधी त्या ‘टोनिंग’चं बघू. टोनिंग म्हणजे नेमकं काय, असं मी आमच्या बॅचमधल्या बायकांना विचारते, तेव्हा त्या हवेत हात फिरवून काहीतरी आवळल्याची खूण करतात. प्रत्यक्षात स्नायू वाढतो नाहीतर झिजतो, चरबी चढते नाहीतर उतरते. खाली भरलेला स्नायू आणि वर चरबीचा पातळ थर असला की दंड घट्ट दिसतो. एवढंच. आणि दंडाचा व्यायाम केला म्हणून दंडाचीच चरबी जाते असं होत नाही. ती आधी कुठून उतरायची हे शरीर ठरवतं, आपल्याला विचारत नाही.

आता ते पन्नास वेळा. पन्नासावा हात उचलताना तुम्ही मनातल्या मनात भाजी काय करायची ते ठरवत असाल, तर स्नायूला वाढायचं काही कारणच नाही. मी हे अनुभवाने सांगते. सहा वर्षं मी एक किलोची गुलाबी डंबेल्स हलवली, तीही टीव्हीसमोर. एकदा दिवाळीआधी दुकानाचा पोऱ्या सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा जिन्याखाली ठेवून निघून गेला. दांडिया बाजारातलं आमचं घर जुन्या वाड्यातलं, दोन जिने चढून जायचं. पहिल्याच वळणावर मला डबा खाली ठेवावा लागला. नियमाने ‘व्यायाम करणारी’ बाई पायरीवर डब्याशेजारी बसून राहिले! शेवटी शेजारच्या आजींच्या गड्याने तो वर नेला, आणि आजींनी मला चहा पाजला. चहा गोड होता, पण मला कडूच लागला.

त्यानंतर मी वही घातली : किती वजन किती वेळा उचललं ते लिहायचं आणि आकडा वाढवत न्यायचा. वहीचं तत्त्व जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात डीलॉर्म नावाचा डॉक्टर होता. जखमी सैनिकांचे गुडघे बरे करताना त्याने हलक्या वजनाच्या ढीगभर आवर्तनांऐवजी जेमतेम दहा वेळा उचलेल एवढं वजन द्यायला सुरुवात केली, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५मध्ये त्याने ते लिहून प्रसिद्ध केलं. आज जगभरच्या जिममध्ये चालतं त्याचा गाभा हाच.

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस करा, मध्ये एकेक दिवस सोडून. चालणं सोडू नका, ते हृदयासाठी आहे. घरात करण्यासारखं असं : पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीपर्यंत बैठक. ओट्यावर हात टेकून दंड, म्हणजे जोर. ते सोपे झाले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढणं. पिशवी दोन्ही हातांत धरून खुब्यातून वाकणं आणि सरळ होणं. पाठ ताठ, वाक कमरेत नाही, खुब्यात. आणि डंबेल्स खांद्यापासून डोक्यावर नेणं. प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सेट थांबवाल तेव्हा ‘अजून फार तर दोन जमले असते’ असं वाटलं पाहिजे. एका सेटमध्ये आठ वेळांपासून सुरुवात करून हळूहळू बारापर्यंत या. तिन्ही सेटमध्ये बारा झाले की वजन वाढवा आणि पुन्हा आठावर जा. सगळं वहीत, तारखेसह.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत आरशात फारसं दिसणार नाही, पण वजनं भराभर वाढतील. त्या काळात स्नायूपेक्षा मेंदूच जास्त शिकत असतो. दिसायला लागतं ते त्यानंतर. इथेच बहुतेक जणी सोडून देतात.

जाऊबाईंना सांगा, बाईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषाच्या मानाने दहा-पंधरा पटींनी कमी असतं. पुरुषासारखं दिसायचं ठरवलं तरी जमायचं नाही. त्या स्वतः भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे जवळजवळ ३० किलो, गोल फिरवत स्वयंपाकघरात नेत असतीलच. तेव्हा कुठे मिशा आल्या?

प्रश्न : घाम आणणारा पट्टा पोटाला बांधून चाललं तर पोट उतरतं का?

उत्तर : नाही. पाणी उतरतं. दोन ग्लास प्यायलात की परत येतं. पट्ट्याचे पैसे तेवढे येत नाहीत.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, वजन ५८ किलो, शुद्ध शाकाहारी. जिम सुरू करून चार महिने झाले. ट्रेनर म्हणतो, महागाची पावडर घेतल्याशिवाय बॉडी बनणार नाही. आई म्हणते, वरण-भात खा, सगळं होतं. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं ऐक. स्नायू वाढवायचे तर दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धर. तुला दिवसाला ९२-९३ ग्रॅम लागेल. आता आईच्या ताटातलं मोजू. चार पोळ्यांत १२, दोन वाट्या घट्ट वरणात १२-१३, मोठा ग्लासभर दुधात ८, दोन वाट्या दह्यात १२, मूठभर शेंगदाण्यांत ७. झाले ५०-५२. आईचं म्हणणं इथे संपतं. उरलेल्यासाठी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घे, कोरड्या मोजून. त्यात २५-२६ आले. शिवाय रोज ८०-१०० ग्रॅम पनीर, त्यात १५-१८. झालं की! पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन वाळवून डब्यात भरलेलं. सोय म्हणून घेतलीस तर हरकत नाही, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

तू पत्रात पुढे लिहिलंयस की रविवारी फाफडा-जलेबी आणि संध्याकाळी शेव-उसळ ठरलेली. बडोद्यात राहून ती सोड असं सांगणारा माणूस मला भेटायचाय. उसळीतला वाटाणा चांगलाच आहे. शेव आणि तर्री किती वेळा ‘अजून थोडी’ मागतोस ते बघ. सध्या तुला सडपातळ होण्याची चिंता नको, तू आहेसच. महिन्याला अर्धा-एक किलो वाढलास आणि वहीतले आकडे चढते राहिले तर बरोबर चाललंय. आणि जिममध्ये ‘रोज छाती’चाच व्यायाम करत असशील तर तो बंद कर. प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम दे, मध्ये झोप दे.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, रावपुऱ्यात राहतो. तरुणपणी आखाड्यात पाचशे बैठका मारत असे. आता नातू जिममध्ये जातो आणि मला हसतो. माझं म्हणणं, दंड-बैठकांपुढे यंत्रं काहीच नाहीत. शिवाय या वयात मी पुन्हा सुरू करू शकतो का?

उत्तर : काका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी नातवाच्या बाजूने आहे असं नाही. व्यायामगुरू राजरत्न माणिकरावांच्या गावात दंड-बैठकांना नावं ठेवायची माझी छाती नाही. माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरातले, जोर मारून लाल मातीने माखलेले घरी यायचे. पण पाचशेव्या बैठकेत दम वाढतो, ताकद फारशी नाही. दंडच कठीण करायचे असतील तर संख्या न वाढवता पाय स्टुलावर ठेवा, खाली जाताना चार आकडे मोजा. गुरफटायचं नाही त्या संख्येत.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाचा दगड आहे ना, तो १२०० किलोचा असल्याचं सांगतात. गामा कितीही मोठा असला तरी एकट्याने १२०० किलो उचलले हे मला पटत नाही. पण त्या दगडासमोर उभं राहिलं की बैठका मोजणाऱ्यांची आणि किलो मोजणाऱ्यांची भांडणं फार लहान वाटतात, हे खरं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘हो’. १९९०मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर त्यांच्यापुढे पोरगेले. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका; जोर लावताना सोडायचा. गुडघे कुरकुरले तर बैठक अर्धीच.

सुरुवात अशी करा. भिंतीला टेकलेली खुर्ची घ्या, हात छातीवर आडवे, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजा. तुमच्या वयाच्या पुरुषाला बारा तरी जमायला हवेत. कमी भरले तर तोच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि आठवड्यातून दोनदा तेच करत राहा. घड्याळ नातवाला धरायला लावा. तुमचं झालं की त्यालाही खुर्चीवर बसवा. जिमच्या पोरांचे पाय मी पाहिलेत. दोघांचे आकडे मला कळवा.