सभेत 'नामंजूर' म्हणताना

भावा, दूध संस्थेवर संचालक झालास, अभिनंदन. गुलाल उधळून झाला, तांबडा-पांढराही झाला असेल. आता पहिल्याच मीटिंगला सगळे "मंजूर, मंजूर" करतील, तेव्हा लगेच मान डोलवू नकोस.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी बल्क कूलरचा, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीचा विषय आला. दर जास्त वाटत होता, पण चेअरमन पै-पाव्हण्यातले, म्हणून गप्प बसलो आणि सही केली. आपला सहकार कायदा 1960 चा. त्यात कमिटीच्या निर्णयाला सगळे संचालक मिळून आणि एकेकटेही जबाबदार. गप्प बसलेला सुटत नाही. पुढं ऑडिटरनं त्याच खर्चावर बोट ठेवलं, तेव्हा झोप उडाली माझी.

विरोध कर, पण आकड्याला, माणसाला नको. "तुम्ही खाल्लं" म्हणालास की विषय राहिला बाजूला, भांडण सुरू. "तीन कोटेशनं कुठायत?" एवढंच विचार. आणि तुझा विरोध प्रोसिडिंगात, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून घे, सही त्यानंतर.

सभासदांच्या सभेत दहा म्हशींचा मालक असो की एका म्हशीवर संसार चालवणारी म्हातारी, मत प्रत्येकी एकच. ती मागं बसून दुधातलं फॅट मोजायच्या मशीनबद्दल पुटपुटत असेल तर पुढं बोलव तिला. आमच्या मशीनचा घोळ अशाच एका आजीनं दाखवला होता, आम्ही सगळे शहाणे नुसते बघत होतो!

मीटिंग सुटली की ज्याच्याशी वाजलं त्याच्याच गाडीवर मागं बस. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते, तिथं त्याचंही मत लागणार आहे तुला.