पापणीचं ऑपरेशन: निघण्याआधी की अमेरिकेत गेल्यावर?

तुम्ही विचारलंय, दोन्ही वरच्या पापण्या उतरल्यात, नोकरीसाठी अमेरिकेला जायचंय, तर ऑपरेशन आधीच उरकावं की इथल्या इन्शुरन्सवर करावं. मी इथे आल्यावर केलं, तेही एकदा नकार पचवून, म्हणून सविस्तर लिहिते.

इथला इन्शुरन्स पापणी उतरली म्हणून पैसे देत नाही, तिच्यामुळे दिसायचं कमी झालं तर देतो. चेहरा थकलेला वाटतो ही तक्रार त्यांच्या लेखी कॉस्मेटिक. गाडी चालवताना वरचा सिग्नल दिसत नाही, वाचताना पापणी बोटाने वर धरावी लागते, हे डॉक्टरांच्या नोंदीत आलं पाहिजे (अर्थात खरं असेल तरच).

मग मोजमाप. बाहुलीवर चमकणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंत एरवी ४ ते ५ मिमी अंतर असतं. बऱ्याच पॉलिसींना ते २ मिमी किंवा त्याहून कमी लागतं. शिवाय व्हिज्युअल फील्ड टेस्ट (नजर समोर ठेवून आजूबाजूला, वर-खाली किती दिसतं याची तपासणी; मशीनमध्ये प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं) दोनदा होते, आधी पापणी आहे तशी आणि मग टेपने वर चिकटवून. पहिल्या फेरीत मला वाटलं मशीनच बंद पडलंय. टेप लावल्यावर वरचे ठिपके असे दिसायला लागले की बटण दाबून अंगठा दुखला.

नकार आला तो मात्र मोजमापांबरोबर कंपनीला पाठवलेल्या डोळ्यांच्या फोटोमुळे. पापणी उतरलेला माणूस नकळत भुवया वर ओढून बघतो. मीही कपाळाला आठ्या घालून डोळे छान उघडले, वर सवयीने हसले. कंपनीला त्यात काही बिघाड दिसेना! दुसऱ्यांदा टेक्निशियनने कपाळ सैल सोडायला लावलं, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत धरला, आणि अपील मंजूर झालं.

निदानही नेमकं करून घ्या. पापणी उचलणारा स्नायू सैल पडणं वेगळं आणि जादा कातडी लोंबणं वेगळं. दोन्हींची ऑपरेशनं आणि बिलाचे कोड निरनिराळे. संध्याकाळी पापणी जास्त उतरत असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर आधी मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याचा आजार) तपासणी. पापणी अचानक उतरली आणि बाहुली मोठी झाली, तर इन्शुरन्स वगैरे विसरून थेट इमर्जन्सी गाठा.

नोकरीतून मिळणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीला जुनं दुखणं म्हणून नाकारता येत नाही, २०१४ पासून तसा कायदाच आहे. ट्रॅव्हल पॉलिसीच्या भरवशावर मात्र येऊ नका, जुनं दुखणं त्या सहसा धरत नाहीत. मंजुरी लेखी घ्या, आणि सर्जनबरोबर भूल देणारे डॉक्टर आणि सेंटरही नेटवर्कमध्ये (इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत) आहेत ना, ते विचारा. मंजुरी मिळाली तरी डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची ठरलेली रक्कम, खिशातूनच जातो.

पापणी थोडीच उतरली असेल आणि दिसण्यासाठीच करायचं असेल, तर निघण्याआधी करा, पण तिकिटाच्या आदल्या आठवड्यात नको. टाके साधारण आठवड्याने निघतात, सूज त्यापेक्षा जास्त रेंगाळते, आणि एक पापणी वर-खाली राहिली तर त्याच सर्जनकडे परत जावं लागतं.