रोज तेच टेबल आणि तोच रस्ता असताना चित्रकाराला नवीन विषय कुठून मिळतात?

तुम्ही विचारलंय की चित्रकला हाच पोटापाण्याचा व्यवसाय आहे, दिवसाचा बराच वेळ कामाच्या खोलीत आणि ठरलेल्या वाटेवर जातो, मग नवीन काही दिसणार कसं?

माझं मत सांगतो. विषय शोधायला निघूच नका. विषय शोधताना आपण वस्तूंची नावं घेत सुटतो, खुर्ची, सायकल, झाड, आणि नाव घेतलं की पाहणं संपतं. त्याऐवजी बाहेर पडताना एकच प्रश्न सोबत घ्या. आज फक्त सावल्यांच्या कडा, उद्या फक्त दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेचे आकार, परवा फक्त पांढऱ्या वस्तूंचे खरे रंग. एकच प्रश्न आठवडाभर चालवला तरी हरकत नाही, पण एका दिवशी दोन नकोत, दोन्ही अर्धवट राहतात.

सावल्यांचंच बघा. उन्हातल्या खुर्चीची सावली पायाशी अगदी रेखीव असते आणि पाठीच्या वरच्या टोकाची सावली पुसट. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात त्याची चकती सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे वस्तू आणि सावली यांच्यात जितकं अंतर, तितकी कड पसरते, साधारण दर मीटरला एक सेंटीमीटर. झाडाखालच्या कवडशांचंही तेच. पानांमधली फट तिकोनी असो की वेडीवाकडी, ती लहान असली आणि जमीन बरीच खाली असली की कवडसा गोलच पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. ऊन तिरपं झालं की लंबगोल. पानांच्या आकाराचे कवडसे काढले की चित्र कुठेतरी खोटं वाटतं, पण चूक सापडत नाही, ती इथे असते. एवढी एक गोष्ट नीट पाहिली तर एका झाडाखाली महिनाभराचं काम आहे.

पांढऱ्यासाठी करड्या कार्डाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून बघा. मोकळ्या निळ्या आकाशाखाली सावलीत वाळत घातलेली चादर निळसर निघते, तर उन्हातल्या विटांच्या भिंतीशेजारची तांबूस. कार्डाशिवाय हे दिसत नाही, कारण चादर पांढरी आहे हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. कार्ड करडंच हवं; पांढऱ्या कार्डातून सगळं गडद वाटतं.

सोबत फार काही लागत नाही. खिशात मावणारी ए-६ वही, एक काळं पेन, एक करडा ब्रशपेन आणि सहा बाय चार सेंटीमीटरची खिडकी कापलेलं कार्ड. खिडकी डोळ्याजवळ धरली की विस्तृत दृश्य मिळतं, हात लांब केला की त्यातला तुकडा. चौकट ठरली की डोळे इतके किलकिले करा की बारीकसारीक तपशील मिटून मोठे आकार उरतील. मग काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या तीन पायऱ्या, मांडा: कागदाचा पांढरा, ब्रशपेनचा करडा, पेनाचा काळा. तीन मिनिटं पुरतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सावलीच्या आतला परावर्तित उजेड जास्त उजळ काढणं. सावलीतला सर्वांत उजळ भागसुद्धा एरवी उजेडातल्या त्याच रंगाच्या भागापेक्षा गडदच असतो. शंका आली की पुन्हा डोळे किलकिले करा.

चित्राखाली शब्दांची एक ओळ लिहाच. वेळ, उजेड कुठून येतोय, आणि नजर का थांबली ते. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ साली लंडनच्या हॅम्पस्टेडला ढगांचे स्टडी, म्हणजे निरीक्षणासाठीची छोटी चित्रं, केले, त्यांतल्या बऱ्याच स्टडीजच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपलेली आहे. ‘छान उजेड’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘भिंत आकाशापेक्षा गडद, पण खिडकीची काच आकाशापेक्षा उजळ’ असं लिहिलंत तर सहा महिन्यांनीही त्यावरून चित्र उभं राहतं.

मोबाइलचा फोटो रेखाटनानंतरच काढा. आधी काढला की काम झाल्यासारखं वाटतं आणि नजर पुढे सरकते. शिवाय मोबाइल आपल्या मर्जीने सावल्या उजळवतो आणि संध्याकाळचा पिवळेपणा कमी करतो, म्हणजे ज्यासाठी थांबलात नेमकं तेच जातं. उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी करा आणि एक फोटो घ्या, मग सावलीसाठी दुसरा. मुख्य लेन्स वाइड असते, जवळची वस्तू फुगते. दोन पावलं मागे जा आणि दोनपट झूम वापरा.

बाहेर पडणं होत नसेल तर टेबल पुरे. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीने इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या आपल्या खोलीत त्याच त्या बाटल्या आणि भांडी दशकानुदशकं रंगवली. दोन वस्तू बोटभर जवळ आणल्या की मधली फट बदलते, कडा जुळल्या की दोन आकारांचा एक होतो. दिवा मात्र एकच ठेवा. खिडकी आणि दिवा दोन्ही असले की दोन सावल्या पडतात आणि टोन ठरवणं अवघड होतं.

आठवड्यातून एकदा अर्धा तास वही आणि फोटो चाळा. नजर का थांबली ते ज्यांच्यासाठी लिहिलेलं नाही, ते फोटो सरळ काढून टाका. उरलेल्यांची विभागणी विषयावर करू नका, अडचणीवर करा: उजेडाविरुद्ध उभी आकृती, ओला पृष्ठभाग, एकमेकांत मिसळलेली गर्दी. उद्या एखादं काम आलं की नेमकी हीच वर्गवारी हाताशी येते, ‘झाडं’ आणि ‘इमारती’ येत नाहीत.

त्यातली तीन रेखाटनं निवडून प्रत्येकाचा पोस्टकार्डाएवढा रंगीत स्टडी करा. मोठं करताना लहान रेखाटनातला जोर निघून जातो, कारण मोकळी जागा दिसली की हात तपशील भरू लागतो. चपटा, जरा मोठाच ब्रश घ्या आणि ते तीन टोन शेवटपर्यंत वेगळे ठेवा. काही आठवेनासं झालं तर फोटोवरून अंदाज बांधण्यापेक्षा त्याच वेळेला त्याच जागी परत जा, नोंदीत वेळ लिहायची ती यासाठीच. आठवडाभरात गेलात तर ऊन जवळपास त्याच कोनातून येतं. महिना उलटला की सावल्यांची लांबी आणि दिशा बदललेली असते, तेव्हा नवं रेखाटन करा.