‘अगोरा’ चित्रपटात हायपेशियाचा शेवट दाखवलाय, तो खरंच तसा झाला होता का?

नाही. हायपेशिया ही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ. तिचा खरा शेवट पडद्यावरच्यापेक्षा भयंकर होता. चित्रपटात (2009, दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार) जमाव दगडं गोळा करत असताना दाव्हुस हा तिचा जुना गुलाम तिला आधीच गुदमरवून मारतो, म्हणजे तिची यातनांतून सुटका करतो. हा दाव्हुस काल्पनिक आहे. इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, हा पाचव्या शतकातला ख्रिस्ती लेखक) सांगतो की इ.स. 415 मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने तिला रथातून ओढून चर्चमध्ये नेलं, विवस्त्र केलं, खापऱ्यांनी ठार मारलं आणि देहाचे तुकडे करून जाळले. स्वतः ख्रिस्ती असूनही त्याने या कृत्याचा निषेध केलाय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

भांडण नुसतं धर्माचंही नव्हतं. बिशप सिरिल आणि रोमन अधिकारी ओरेस्टेस यांच्यात शहर कोणाचं यावरून जुंपली होती. हायपेशिया ओरेस्टेसच्या जवळची, त्यात ती सापडली. ओरेस्टेस स्वतः बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्तीच होता!

चित्रपटात ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं ती शोधते, त्याला मात्र काडीचा पुरावा नाही. तो मान सतराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा.

तरी बघाच. ग्रंथालय लुटलं जातं तेव्हा कॅमेरा वर वर जातो आणि काळ्या कपड्यांतली माणसं मुंग्यांसारखी दिसायला लागतात, तेवढ्यासाठी तरी. आवडला तर पुढे युसूफ शाहीन यांचा ‘अल-मसीर’ (1997) शोधा. त्यात बाराव्या शतकातल्या कोर्दोबात (स्पेन) इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाची पुस्तकं जळतात.