मैत्रिणीसोबत लांबच्या शहरात गेले, आता तिलाच माझा कंटाळा आलाय

"ताई, आम्ही दोघी एकत्र आलो, आता ती मला टाळते, मी घरी परत येऊ का?" बाहेरगावी नोकरीला गेलेली मुलंमुली हा प्रश्न मला सारखा विचारतात, शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण प्रश्न तोच. म्हणून एक केस सांगते. मुलीची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती सांगलीकडची, जेमतेम चोविशीतली. कॉलेजमधल्या जिवलग मैत्रिणीसोबत कोलकात्याला गेली. दोघींच्या कंपन्या वेगळ्या पण दोन्ही सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्येच, म्हणजे तिथल्या आयटी कंपन्यांच्या भागात, म्हणून जवळच करुणामयीला वन बीएचके घेतला. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने मनमाड, नागपूर, रायपूर करत दीड दिवसाचा प्रवास, सोबत कांदा-लसूण मसाल्याचे डबे. पहिला महिना मस्त गेला, व्हिक्टोरिया, कॉलेज स्ट्रीटची पुस्तकं, हावडा ब्रिज, सगळीकडे दोघी मिळून फोटो. मग मैत्रिणीला ऑफिसात ग्रुप मिळाला, बंगाली मोडकंतोडकं जमायला लागलं, ती शनिवारी बाहेर जायला लागली. आणि ही रूमवर. हिचं काम बरंचसं घरून, खालच्या मजल्यावरून मोहरीच्या तेलाचा वास आला की हिला जेवणच नको व्हायचं, मैत्रीण यायची वाट बघत बसायची, आणि ती आली की "एवढा उशीर?" इथूनच सुरुवात. शेवटी एका रात्री मैत्रीण म्हणाली, "मी तुझी आई नाहीये गं." त्यानंतर हिने मला फोन केला.

मी तिला विचारलं, मैत्रीण आठवडाभर गावाला गेली तर तू दिवसभरात तोंडाने कोणाकोणाशी बोलशील? बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "कोणाशीच नाही. झालमुडीवाल्या, म्हणजे इथल्या भेळवाल्या, काकांशी, फार तर." मला तिथेच सगळं कळलं. मैत्रीण वाईट नव्हती आणि ही चिकटही नव्हती, पण आई, बहीण, शेजार, गल्ली, जे जे सांगलीत सुटलं होतं ते सगळं एकट्या मैत्रिणीने भरून काढावं अशी अपेक्षा होती, आणि हे कोणत्याही चोविशीच्या पोरीला झेपणारं नाही. त्यात हिची आई रोज रात्री मैत्रिणीलाच फोन करायची, "जेवली का गं ती नीट?" म्हणजे तिकडे नोकरी करून थकलेल्या मुलीला घरी येऊन पालकाचीही ड्युटी!

पहिलं काम मी आईकडेच दिलं. काकूंनी मैत्रिणीला फोन बंद करायचा, विचारायचं ते आपल्या लेकीला थेट.

दुसरं काम हिचं. आठवड्यातून एकदा एकटीने बाहेर पडायचं, दिवसाउजेडी, छोटं काहीतरी, आणि फोटो कोणाला पाठवायचे नाहीत. सुरुवातीला गडियाहाटच्या बाजारात जाऊन "दादा, कोतो?" म्हणजे "केवढ्याला?" असं विचारून एक ओढणी आणली, आणि दुकानदाराने बंगालीतच उत्तर दिलं म्हणून मला उत्साहाने मेसेज केला. मग एका रविवारी करुणामयीहून मेट्रोने थेट हावड्याला, हल्ली ही मेट्रो हुगळीच्या खालून जाते, आणि तिथून लाँचने बाबूघाटला. तिने सांगितलं, लाँचवर शेजारच्या आजींनी न विचारता हातात सोललेलं संत्रं ठेवलं, भाषा कळत नव्हती तरी घाट येईपर्यंत आजी बोलत होत्या आणि ही हो हो करत होती. त्या दिवशी मैत्रीण उशिरा आली तरी हिने घड्याळ पाहिलं नाही. हाजरा रोडला तिथल्या मराठी मंडळींचं महाराष्ट्र निवास आहे, तिथे जाऊ का म्हणाली, मी म्हटलं जरूर जा पण गणपतीच्या वेळेला जा, आत्ता आधी तुझी गल्ली ओळखीची होऊ दे.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि ही मी प्रत्येकालाच सांगते. "मैत्रिणीत कसला हिशोब" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. डिपॉझिट मैत्रिणीने भरलेलं, वायफाय हिच्या नावावर, गॅस कोण आणतं ते कोणालाच आठवत नाही, आणि हे न बोललेलं सगळं भांडणात भलत्याच वेळी बाहेर येत होतं. दोघी एका दुपारी बसल्या, कागदावर लिहिलं, महिन्याला दोघींनी सारखे पैसे एका खात्यात टाकायचे ठरलं, आणि रविवारचं जेवण एकत्र, बाकी दिवस ज्याचं त्याचं, कोणी कोणाला "कुठे होतीस" विचारायचं नाही.

एक मात्र नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, कामावर जावंसं वाटत नसेल, रडू थांबत नसेल तर ते नुसतं घराची आठवण म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगू नये असे विचार येत असतील तर आजच, या क्षणी, कोणाला तरी सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

हिच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं तेव्हा दोघींनी त्याच सोसायटीत वेगवेगळ्या खोल्या घेतल्या. काकू घाबरून मला विचारत होत्या, "मोडली का हो यांची मैत्री?" मी म्हटलं, नाही काकू, रविवारी दोघी पिठलंभात करतात, लेकीलाच फोन करून विचारा.