सैतानाने करवलं, मग दोष कोणाचा?

ख्रिस्ती कुटुंबांकडून मला वारंवार येणारा प्रश्न साधारण असा असतो: "मला हे करायचं नव्हतं, सैतानाने करवलं. मग पाप माझं कसं?" कधी तो दारूबद्दल असतो, कधी मोबाइलवरच्या घाण व्हिडिओंबद्दल, कधी बायकोवर उचललेल्या हाताबद्दल. मी धुळ्यात समुपदेशन करतो. साक्री, नवापूर, नंदुरबारकडूनही माणसं येतात. विचारणाऱ्यांपैकी काही खरोखर घाबरलेले असतात, काहींना मनापासून सुटका हवी असते आणि काहींना, स्पष्टच सांगतो, हिशेब टाळायचा असतो. बऱ्याच जणांत हे तिन्ही एकदमच असतं.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि दोघांना विचारूनच लिहितो आहे.

साक्री तालुक्यातलं जोडपं. तो पिकअप चालवतो, कांद्याच्या दिवसांत घरी फक्त झोपायला येतो. ती गावातल्या महिला बचत गटाचे पैसे सांभाळते. रविवारची उपासना दोघांची कधी चुकत नाही, गीतांना ढोलकीवर तोच असतो. एका शनिवारी गटाची जमा आणि कर्जाचे परत आलेले हप्ते अशी बरीच रक्कम घरात होती, सोमवारी बँकेत भरायची. सोमवारी तिने खिडकीतून गड्डी आत दिली. कॅशियरने दोनदा मोजली आणि अठरा हजार कमी असल्याचं सांगितलं. मागे रांगेत गटातल्याच दोघी उभ्या होत्या.

पैसे मटक्यात गेले होते. शनिवारी हरला, ते भरून काढायला रविवारी पुन्हा लावले, तेही गेले.

गावात बोभाटा झाला. पास्टर घरी आले, तेल लावून प्रार्थना झाली, तीन दिवसांचा उपास झाला, जुगाराच्या आत्म्याला येशूच्या नावाने बांधलं. तो रडला, खाली पडला, मोकळं वाटतंय म्हणाला. पुढच्याच पंधरवड्यात त्याने पुन्हा आकडा लावला. तेव्हा पास्टरांनीच त्याला माझ्याकडे पाठवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण असं पाठवायला मन मोठं लागतं. फोनवर त्यांनी एकच अट घातली: "सैतान नाहीच, असं मात्र त्याला सांगू नका."

ते मी सांगणारही नव्हतो. मी स्वतः विश्वासी आहे. मोहात पाडणारा आहे हे मी मानतो. त्याने कानात काही घातल्यावर पुढचं पाऊल कोण टाकतं, एवढंच मला पाहायचं होतं.

तो आला तो मान खाली घालूनच. "सर, माले काय समजस नई. हात मना होता, पण मी नव्हतो." मी म्हटलं, "भाऊ, त्या शनिवारची संध्याकाळ मला सावकाश सांगा. काही गाळू नका."

दिवेलागणीला बुकीचा फोन आला. तो गोठ्यामागे जाऊन बोलला. का? "ती चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं असतं." मग पेटी. चावी पिठाच्या डब्यात असते हे त्याला ठाऊक होतं. गड्डी पाचशेच्या नोटांची, रबर लावलेली. किती काढल्या? आधी दहा. वरून काढल्या का, असं मी सहज विचारलं. तो अडखळला. "नाही, मधून." का? वरच्या नोटेला तिने हिशेबाची चिठ्ठी लावली होती आणि खालची नोट कोपऱ्यात फाटलेली, तिच्या ओळखीची. उरलेल्या सव्वीस त्याने रविवारी काढल्या, उपासनेहून आल्यावर. आता गड्डी बारीक झाली होती, रबर सैल पडत होतं, म्हणून त्याने रबराला एक वेढा जास्त दिला.

"गोठ्यामागे जायचं, नोटा मधून काढायच्या, रबराला वेढा वाढवायचा, हे कोणी ठरवलं?"

"ते मीच." मग लगेच, "पण ती ओढ मनी नव्हती, सर."

हे त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. ओढ परकी वाटते, अंगात कोणी शिरल्यासारखी वाटते, असं जुगारात अडकलेली माणसं नेहमी सांगतात, मग ती कुठल्याही धर्माची असोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू आहे, तिच्यात जुगाराचं व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. त्यात आकडा अगदी जवळून हुकण्याची मोठी भूमिका असते. त्याला वाटायचं, आकडा एकाने हुकतो म्हणजे कोणीतरी मुद्दाम खेळवतंय. मी कागद घेतला. शून्य ते नऊ, दहा आकडे. तुम्ही सहा लावला, तर पाच किंवा सात यायची शक्यता दहात दोन. म्हणजे सरासरी दर पाच डावांत एकदा आकडा शेजारून जाणारच. आणि सिंगल लागला तर रुपयाला नऊ मिळतात, आकडे मात्र दहा. डाव कितीही प्रामाणिक असला, तरी दहा रुपयांतला एक बुकीकडे राहायची सोय आधीच केलेली आहे. ही आकडेमोड त्याला त्या तीन दिवसांच्या उपासापेक्षा जास्त झोंबली, असं तो नंतर म्हणाला.

पण तेवढ्यात त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे हाऊ आजार शे का?"

इथे समुपदेशकाने सावध राहावं लागतं. सैतानाच्या जागी आजाराला बसवलं की माणूस पुन्हा मोकळा. मी त्याला त्याच्याच धंद्यातलं विचारलं: "कोंडाईबारीचा घाट भरलेल्या गाडीने उतरताना गाडी पळते ती उतारामुळे. पण ब्रेक कधी तपासता?" "घाटाच्या आधी," तो म्हणाला. फोन आला तेव्हा त्याच्या हातात बरंच काही होतं. पेटीपाशी पोचल्यावर कमी होतं. रविवारी हरलेले भरून काढताना जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. जबाबदारी अशी कमी-जास्त होत जाते, हे मान्य. म्हणून ती जिथे पूर्ण होती तिथेच काम करायचं. बुकीचा नंबर ब्लॉक, आकड्याच्या ग्रुपमधून बाहेर, भाड्याचे पैसे थेट बायकोच्या खात्यावर, आणि दिवेलागणीचा तो तास एकट्याने काढायचा नाही. सैतानाला अडवा म्हणजे तो पळेल, असं बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. अडवायचं म्हणजे आमच्या या प्रकरणात एवढंच होतं.

त्याच्याकडे वचनही तयार होतं. पौलाचं रोमकरांस पत्र, सातवा अध्याय: मला नको ते मी करतो, आणि ते करणारा मी नव्हे तर माझ्यात राहणारं पाप. हे वचन मला जवळजवळ प्रत्येक जण ऐकवतो. मी म्हटलं, अध्याय शेवटपर्यंत वाचा. त्यात सैतानाचं नाव एकदाही येत नाही आणि पौल शेवटी कळवळतो तो स्वतःबद्दल. मग आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय काढला. हनन्याने जमीन विकून काही पैसे मागे ठेवले आणि सगळे आणल्याचं भासवलं. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, सैतानाने तुझं मन का भरवलं? आणि त्याच दमात म्हणतो, जमीन तुझी होती, पैसा तुझ्या हातात होता, हे तू मनात का आणलंस? एकाच माणसाला दोन्ही वाक्यं. पेत्राने त्यातलं एकही गाळलं नाही. आपण मात्र पहिलं धरून दुसरं सोडतो.

गड्डीतून काढलेल्या नोटांशी हनन्याचं नातं लावायची गरज पडली नाही. ते त्यानेच लावलं.

एदेन बागेतली गोष्ट मी सहसा शेवटी काढतो. आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो, स्त्री सापाकडे. देव सापाला शिक्षा करतो, पण प्रश्न एकही विचारत नाही. प्रश्न विचारतो तो दोघा माणसांना. उत्तर देऊ शकेल असं तो त्यांनाच धरतो, आणि मला तर ही त्याने राखलेली माणसाची इज्जत वाटते.

बायको वेगळी भेटली. खरं तर या प्रकरणात मला जास्त शिकवलं तिने. ती म्हणाली, "सर, मी रागवू कोणावर? सगळे सांगतात, त्याला बोलू नको, तो बंधनात होता. मंडळीतल्या एका मावशी म्हणाल्या, तूच प्रार्थनेत कमी पडलीस." बँकेच्या रांगेत तिच्या पायाखालची जमीन सरकली होती, आणि त्याबद्दल तिच्याकडे माफी मागायला कोणी आलंच नव्हतं. दोष सैतानावर गेला की हेच होतं. तो काही दारात येऊन चुकलो म्हणत नाही. नवऱ्याला सैतानाच्या आड उभं केलं, की बायकोने क्षमा तरी कोणाला करायची? मी तिला राग धरायची मोकळीक दिली. क्षमेची घाई मी कोणालाच करत नाही, विश्वासी बाईला तर मुळीच नाही. ती घाई तिच्या अंगवळणी आधीच पाडलेली असते.

अशा घरांत मला आणखी एक धास्ती असते. सैतान आला हे ठरलं की पुढचा प्रश्न येतो: कोणी पाठवला? सातपुड्याच्या पट्ट्यात याच प्रश्नाचं उत्तर म्हणून एखाद्या बाईला डाकीण ठरवलं गेलं आहे. या घरातही कोणीतरी भावकीतल्या एका विधवेचं नाव कुजबुजलं होतं. पास्टरांनी ते जागच्या जागी बंद केलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवणं गुन्हा आहे, तसंच भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हेही. प्रार्थना करणारा कुठल्या धर्माचा, हे कायदा पाहत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. कोणी रात्र-रात्र झोपत नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, घरच्यांनी विष घातलं म्हणून जेवण टाकत असेल, झटके येत असतील, किंवा रोजची दारू अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत थरथरून भलतंच दिसायला लागलं असेल, तर तिथे जबाबदारीचं प्रवचन देऊ नका. आधी डॉक्टर, दारूच्या बाबतीत तर तातडीने. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. थडग्यांत राहणाऱ्या, स्वतःला दगडांनी ठेचणाऱ्या गरसेकरांच्या प्रांतातल्या माणसाला येशूने जाब विचारला नव्हता. शेवटी तो कपडे घालून, शुद्धीवर बसलेला दिसतो. कॅथलिक मंडळीत तर बिशपच्या खास परवानगीशिवाय भूत काढायचा विधी करता येत नाही आणि आधी आजार नाही ना याची खात्री करावी लागते. आपल्याकडच्या स्वतंत्र मंडळ्यांनी एवढी शिस्त घ्यायला हरकत नाही.

आमचा पिकअपवाला या यादीत बसत नव्हता. त्याने गटाच्या बैठकीत जाऊन, बायका बसलेल्या असताना, "मन्ही चूक शे" म्हटलं. सैतानाचा उल्लेख केला नाही. परतफेडीचं त्याने स्वतः शोधलं: बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कबुली, पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. अठरा हजारांवर छत्तीसशे. बायकांनी वरचे पैसे मागितले नव्हते, तरी त्याने महिना अठराशेचे बारा हप्ते ठरवून घेतले. मध्ये एकदा घसरला, दोनशे रुपये लावले आणि त्याच रात्री तिला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. पेटीची चावी आता तिच्या माहेरी असते.

पास्टरांचं आणि माझं एका बाबतीत अजून जुळलेलं नाही. त्यांना वाटतं, त्याने रविवारी उभं राहून साक्ष द्यावी, जुगाराचा आत्मा कसा निघाला ते सांगावं, तरुण पोरांना उपयोग होईल. माझं म्हणणं, बारावा हप्ता भरू दे, आणि आधी तिला विचारा, कारण त्या साक्षीत तिचीही गोष्ट सांगितली जाणार आहे. तिला विचारलं गेलं. ती नाही म्हणाली. सध्या साक्ष पुढे ढकलली आहे.